व्होल्टेज कमी, मग करंट जास्त कसा? विहिरीवरची मोटर आणि दहावीचं पुस्तक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : रस्त्याकडेच्या मीटरपेटीपासून विहीर साडेतीनशे मीटरवर. विहिरीवर ५ एचपीची थ्री फेज मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच बॉडीत), मधे अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल. दोन वर्षांत मोटर तीनदा जळाली. वायरमन म्हणतो, ‘व्होल्टेज कमी मिळतं, म्हणून करंट वाढतो आणि मोटर बसते.’ दहावीतला मुलगा विज्ञानाचं पुस्तक पुढे करतो आणि म्हणतो, ‘व्होल्टेज कमी झालं तर करंटही कमीच व्हायला हवा, ओहमचा नियम आहे.’ आणि तुम्ही स्वतः विहिरीवर मीटर लावून बघितलं तर ४०५ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ पूर्ण. मग यातलं खरं कोण?

दादा, तिघंही खरे आहेत. मुलगाही, वायरमनही आणि मीटरही. प्रत्येकजण वेगळ्या गोष्टीबद्दल बोलतोय, एवढंच. मी एकतीस वर्षं मोटरी भरायचं, म्हणजे जळालेल्या कॉइलच्या जागी नवी तार घालायचं काम करतोय. तुमच्यासारखी मोटर महिन्याला दोन-तीन तरी येतात आणि जवळजवळ प्रत्येक वेळी मालक ‘व्होल्टेजनं गेली’ म्हणूनच आणून टाकतो. त्यातल्या काहीच खरोखर व्होल्टेजनं गेलेल्या असतात. म्हणून आधी नियम नीट लावून घेऊ, मग मोटरीकडे येऊ.

पुस्तकात विभवांतर, विद्युतधारा आणि रोध असे शब्द आहेत. आपण व्होल्टेज, करंट आणि रेझिस्टन्स म्हणतो. नियम इतकाच की तारेच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज म्हणजे तिच्यातून जाणारा करंट गुणिले तिचा रेझिस्टन्स. व्होल्टेज दुप्पट केलं की करंट दुप्पट, रेझिस्टन्स दुप्पट केला की करंट निम्मा. मात्र रेझिस्टन्स जागेवर राहिला पाहिजे. तार तापली की तिचा रेझिस्टन्स वाढतो, म्हणून पुस्तकात ‘भौतिक अवस्था कायम असताना’ असं काहीतरी लिहिलेलं असतं आणि मुलं ते वाक्य परीक्षेपुरतं पाठ करून सोडून देतात. आपली सगळी भानगड त्याच वाक्यात आहे.

जाता जाता मुलाला सांगायला एक गोष्ट. गेऑर्ग ओहम हा जर्मनीतल्या कोलोनचा शाळामास्तर. त्यानं हा नियम १८२७ साली छापला. त्याआधी प्रयोग करताना त्याला सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला असेल, तर पडत्या व्होल्टेजचा. त्या वेळच्या बॅटऱ्या करंट काढला की खाली बसायच्या, आकडे जुळायचे नाहीत. शेवटी त्यानं बॅटरी बाजूला ठेवली आणि तांबं-बिस्मथची जोडणी घेतली. तिचं एक टोक उकळत्या पाण्यात ठेवलं, दुसरं बर्फात. तेव्हा कुठे त्याला स्थिर व्होल्टेज मिळालं. तुमची तक्रार दोनशे वर्षं जुनी आहे.

आता पाण्यावरून सांगतो, कारण पाइपलाइन तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळते. टाकीची उंची म्हणजे व्होल्टेज. मिनिटाला किती लिटर पाणी जातं तो करंट. पाइप किती लांब आणि किती बारीक, तो रेझिस्टन्स. ही तुलना सगळीकडे चालत नाही. पाइप फुटला तर पाणी सांडत राहतं, तार तुटली तर करंट जागच्या जागी थांबतो, कारण त्याला परत यायला वाट लागते. पण एका बाबतीत ती चपखल बसते. पाइपलाइनच्या शेवटाला वाल्व्ह बंद ठेवून प्रेशर गेज लावा. पाइप एक इंची असो की चार इंची, गेज पूर्ण प्रेशर दाखवेल. वाल्व्ह उघडून पाणी वाहू द्या, मग बघा बारीक पाइपावर काटा कसा खाली येतो.

तुम्ही विहिरीवर ४०५ बघितले तेव्हा मोटर बंद होती की चालू? लिहिलेलं नाही, पण पैजेवर सांगतो, बंद होती. करंट शून्य, म्हणून केबलमधली घटही शून्य. टोकाला पूर्ण व्होल्टेज दिसणारच. मीटर बरोबरच होतं, वेळ चुकली.

चालू मोटरचा हिशेब असा बसतो. एक चौरस मिलिमीटर जाडीची, एक मीटर लांब तांब्याची तार म्हणजे ०.०१७ ओहमच्या किंचित वर. अडीच चौरसच्या केबलला किलोमीटरला साधारण साडेसात ओहम पडतात. साडेतीनशे मीटरला झाले २.६ ओहम, एका तारेचे. ५ एचपीची मोनोब्लॉक पूर्ण भारावर ८ अँपिअरच्या आसपास घेते (तुमच्या नेमप्लेटवर काय आहे ते बघा, कंपनीप्रमाणे थोडं मागेपुढे असतं). ८ गुणिले २.६ म्हणजे २०.८ व्होल्ट. थ्री फेजला दोन फेजमधली घट काढताना याला १.७३ ने गुणायचं. म्हणजे ३६ व्होल्ट. हे ३६ व्होल्ट तुमच्या विहिरीपर्यंत पोचतच नाहीत, वाटेत केबल गरम करण्यात जातात. लाईट आली की आजूबाजूच्या सगळ्या मोटरी चालू होतात आणि डीपीवरच, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवरच, ३८० उरतात. त्यातून ३६ गेले की मोटरला ३४४. नेमप्लेटवर ४१५ लिहिलेलं असतं.

इथपर्यंत मुलाचा ओहम शंभर टक्के चालला. केबल म्हणजे साधी तार, तिथे तो चालणारच.

आता ३४४ व्होल्ट मोटरला मिळाल्यावर करंट कमी होईल की जास्त? समजा विहिरीवर मोटरच्या जागी गिझरची कॉइल असती. २३० व्होल्टवर २००० वॉटचा गिझर ८.७ अँपिअर घेतो, म्हणजे कॉइलचा रेझिस्टन्स साडेसव्वीस ओहमच्या आत-बाहेर. व्होल्टेज १८० वर आलं तर करंट ६.८ होतो आणि गिझर सव्वाबाराशे वॉटवर येतो. पाणी तापायला वेळ लागेल, पण कॉइल कधी जळणार नाही. कमी व्होल्टेजमध्ये गिझर, इस्त्री, शेगडी सुखात असतात. इथे मुलगा बरोबर.

मोटर मात्र कॉइल असूनही शेगडी नाही. तुमच्या मोटरचं कनेक्शन सोडून दोन टोकांमध्ये मीटर लावलं तर रेझिस्टन्स जेमतेम तीनेक ओहम दिसेल. ४१५ भागिले ३ केलं तर १३८ अँपिअर येतात. खरंच एवढा करंट गेला तर मोटर मिनिटभरही टिकणार नाही. प्रत्यक्षात ८ जातात. मग बाकीचे कुठे अडतात? मोटर फिरायला लागली की तिच्या कॉइलमध्ये उलट दिशेचं व्होल्टेज तयार होतं, आलेल्या व्होल्टेजला ढकलून धरणारं. बाहेरून ४१५ येतात, आतून त्याच्या जवळपास उलटे ढकलतात, आणि उरलेल्या फरकावर करंट ठरतो. हा उलटा धक्का रेझिस्टन्स नाही, तो ओहमच्या मीटरवर दिसत नाही, आणि मोटरवरचा भार वाढला की तो कमी पडतो. म्हणून मोटरला ‘हिचा रेझिस्टन्स इतका’ असा एक आकडा चिकटवताच येत नाही. मुलाचा नियम खोटा नाही. त्याला लागणारा कायम रेझिस्टन्स इथे नाही.

मोटरवर हुकूम असतो पंपाचा. इतकं पाणी, इतक्या उंचीवर, त्याला इतकी ताकद लागणार. ताकद म्हणजे ढोबळमानानं व्होल्टेज गुणिले करंट. दुकानदाराची पाचशेची उधारी द्यायची आहे. खिशात शंभराच्या नोटा असतील तर पाच द्याल, पन्नासच्या असतील तर दहा द्याव्या लागतील. नोट लहान झाली म्हणून उधारी कमी होत नाही. व्होल्टेज पडलं की मोटर किंचित हळू होते, आतला उलटा धक्का कमी होतो, करंट वाढतो, तो पुन्हा ताकद पुरी करेपर्यंत. तुमच्या ३४४ व्होल्टवर ८ चे नऊ, साडेनऊ अँपिअर होतात. करंट वाढला की केबलमधली घटही वाढते, ३६ ची ४० च्या वर जाते, आणि व्होल्टेज आणखी खाली. कुठेतरी जाऊन हे स्थिरावतं, पण वाईट जागी स्थिरावतं.

वायरमनचं म्हणणं म्हणून खरं. फक्त त्यालाही दोन पोटकलमं आहेत, ती कुणी सांगत नाही. एक, मोटरची चाल कमी झाली की पंपाला लागणारी ताकद भराभर कमी होते, चालीच्या घनाच्या हिशेबानं. त्यामुळे करंट नोटांच्या हिशेबाइतका पूर्ण वाढत नाही, थोडा कमी वाढतो. दोन, मोटरवर भारच हलका असेल, तर कमी व्होल्टेजला करंट उलट कमी होतो, कारण नुसतं चुंबक तयार करायला लागणारा करंट व्होल्टेजबरोबर घटतो. माझ्या टेबलावर मी मोकळी मोटर कमी व्होल्टेजवर फिरवून दाखवतो तेव्हा अँपिअर खाली येतात आणि शिकाऊ पोरं गोंधळतात. ‘कमी व्होल्टेज म्हणजे जास्त करंट’ हे भरलेल्या मोटरपुरतं खरं आहे, सगळीकडे नाही.

साडेनऊ अँपिअर म्हणजे फार नाही असं वाटेल. पण कॉइलमधली उष्णता करंटच्या वर्गानं वाढते. ८ चे ९.४ झाले तर उष्णता ३८ टक्के जास्त. इन्सुलेशनच्या बाबतीत आमच्या धंद्यातला जुना ठोकताळा आहे : ठरल्यापेक्षा दहा अंश जास्त तापलं की आयुष्य निम्मं. आणि तांब्याचा रेझिस्टन्स दर दहा अंशांना सुमारे चार टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तापलेली कॉइल आणखी तापायला मदत करते. याचा मला एक उपयोगही होतो. मोटर थंड असताना दोन टोकांत रेझिस्टन्स मोजून ठेवतो. दोन तास चालवून, बंद करून, लाईट पूर्ण तोडून लगेच पुन्हा मोजतो. ३.०० चे ३.८० झाले म्हणजे आतलं तांबं सत्तरेक अंशांनी तापलंय. हात लावून बाहेरचं बॉडी तापलंय की नाही याचा अंदाज येतो, आतलं काय चाललंय ते ओहम सांगतो. यासाठी मीटर मात्र ओहमचा शंभरावा भाग दाखवणारं लागतं, बाजारातलं दोनशे रुपयांचं चालत नाही.

चालू होतानाची गोष्ट याहून वाईट. थांबलेल्या मोटरमध्ये उलटा धक्का खूपच कमी असतो, त्यामुळे पूर्ण व्होल्टेजवर ती सहापट, म्हणजे ४८ अँपिअरच्या घरात ओढायला बघते. तुमच्या बारीक केबलमधून तेवढे मिळत नाहीत. मी हिशेब केला तर ३३ च्या आसपास मिळतात आणि मोटरच्या टोकाला २८५ व्होल्ट उरतात. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गात असतो, म्हणून तो निम्म्याहून खाली जातो. मोटर घुंऽऽ करत राहते, दोन सेकंदांच्या जागी आठ-दहा सेकंद उचल घेते, आणि तेवढा वेळ चौपट करंट पीत राहते. तुमच्याकडे ऑटो स्विच (लाईट आली की मोटर आपोआप चालू करणारा) असेल तर हे दिवसातून किती वेळा होतं ते तुम्हालाही माहीत नसेल. लाईट रात्री अकराला येवो की पहाटे तीनला, सगळ्या शिवारातले ऑटो एकदम टक् करून पडतात, डीपी तिथेच वाकते, आणि प्रत्येक मोटर दुसरीमुळे रखडते. महिन्याला मोटर भरायला येणाऱ्यांना मी पहिला प्रश्न ऑटोचाच विचारतो.

आता तुमच्या प्रश्नातली एक ओळ मला सगळ्यात जास्त खटकली, ती तुम्ही सहज लिहिली आहे : ‘स्टार्टर सारखा पडायचा म्हणून वायरमननं सेटिंग वाढवून बारावर ठेवलं.’ दादा, मोटर व्होल्टेजनं जळाली नाही, या बारा अँपिअरच्या सेटिंगनं जळाली. व्होल्टेज कमी झालं, करंट साडेनऊ झाला, तेव्हा स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेनं (ठरल्यापेक्षा जास्त करंट गेला की मोटर बंद करणारा भाग) पडायलाच पाहिजे होतं, तेच त्याचं काम. रिले नेमप्लेटच्या अँपिअरवर ठेवायचा, ८ असेल तर ८ वर. तो पडतोय म्हणजे तो बिघडलेला नाही, तो काहीतरी सांगतोय. त्याला बारावर नेणं म्हणजे कुत्रं भुंकतं म्हणून त्याचं तोंड बांधून ठेवणं, आणि मग चोरी झाल्यावर कुत्र्याला शिव्या देणं.

जळालेली मोटर उघडल्यावर ती बोलते. तुमच्या वायरमनला विचारा, तिन्ही वेळा कॉइल कशी दिसत होती? सगळ्या कॉइल गोलभर सारख्या काळ्या, वार्निश कोळशासारखं ठिसूळ, असं असेल तर ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेज. स्टार जोडणीत (तिन्ही कॉइलचं एकेक टोक एकत्र जोडलेलं) दोन फेजच्या कॉइल काळ्या आणि तिसऱ्याची नव्यासारखी पिवळी, किंवा डेल्टात (कॉइल एकमेकींना त्रिकोणात जोडलेल्या) एकाच फेजची जळालेली, तर एक फेज गेला होता आणि मोटर दोनवर रखडली. ती व्होल्टेजची केस नाही, सिंगल फेजिंगची आहे, तिला प्रिव्हेंटर लागतो, एक फेज गेला की मोटर बंद करणारा. मागच्या वर्षी एक जण असंच ‘व्होल्टेज’ म्हणून तीनदा भरून घेऊन गेला. चौथ्यांदा मी त्याच्याबरोबर विहिरीवर गेलो. किटकॅट फ्यूजचं (हातानं काढता-घालता येणारा फ्यूज) एक बुंधं हातात घेतलं तर कडेनं वितळून पिवळं पडलेलं, आत पितळेवर काळी पूड. फेज जात-येत होता.

हा प्रकार शोधायला ओहमसारखा दोस्त नाही. मोटर चालू असताना मीटर व्होल्टवर ठेवून एक टोक फ्यूजच्या आत येणाऱ्या स्क्रूवर आणि दुसरं त्याच फ्यूजच्या बाहेर जाणाऱ्या स्क्रूवर. फेज ते फेज नाही, एकाच फेजच्या दोन बाजू. जोड ठणठणीत असेल तर आकडा शून्याला चिकटलेला. त्या माणसाच्या फ्यूजवर मला ३ व्होल्ट दिसले, करंट होता ८. तीन भागिले आठ, म्हणजे ०.३७ ओहम. आकडा किरकोळ वाटतो, पण तीन गुणिले आठ म्हणजे २४ वॉट, सोल्डरिंगच्या एका छोट्या इस्त्रीची उष्णता, अंगठ्याएवढ्या जागेत, रोज आठ तास. पितळ का काळं पडलं ते कळलं. ओहमचे मीटर लावून हा रेझिस्टन्स बंद जोडावर शोधायला गेलात तर बहुतेक वेळा सापडत नाही, कारण मीटरचा करंट नखाएवढा असतो. करंट वाहता ठेवूनच तो पकडावा लागतो. तुमच्याकडे केबल मधे कुठे जोडली आहे का? तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना पिळून वर टेप गुंडाळलेला जोड असेल तर पहिला संशय तिथे.

हे मोजणं चालू लाईनवर आहे. वायरमनकडूनच करून घ्या, पायात कोरडी चप्पल, एक हात खिशात. मुलाला बघू द्या, हात लावू देऊ नका.

तर मोजायचं काय? लाईट असताना, सगळं शिवार चालू असताना, टाँग टेस्टरनं (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजणारं मीटर) तिन्ही फेजचे अँपिअर आणि मीटरनं व्होल्टेज दोन ठिकाणी, मीटरपेटीत आणि मोटरच्या टर्मिनलवर. पेटीत ३८० आणि मोटरवर ३४० असेल तर ४० व्होल्ट तुमच्या केबलमध्ये आहेत, ते तुमच्या हातात. पेटीतच ३४० असेल तर केबल बदलून फार फरक पडणार नाही, दुखणं डीपीवर किंवा त्याच्या मागे आहे, तिथे अर्ज करावा लागेल. हा फरक न मोजता लोक महागडी केबल टाकतात. केबलच दोषी निघाली, तर सहा चौरसला तीच घट ३६ वरून १५ वर येते, दहा चौरसला ९ च्या जवळ. जाडी वाढवली की फायदा सुरुवातीला मोठा, नंतर कमी कमी होत जातो, त्यामुळे मी तुम्हाला सहावर थांबायला सांगेन, दहावर खर्च करू नका.

कॅपॅसिटरबद्दल लोक हसतात, पण तो उपयोगी आहे. महावितरणही कृषिपंपांना तो लावायला सांगत असते. मोटर जो करंट घेते त्यात काही भाग नुसता चुंबक बनवायचा, तो कॅपॅसिटर जागेवर पुरवतो, मग केबलमधून तेवढा कमी वाहतो. ५ एचपीला २ केव्हीएआरचा (हे कॅपॅसिटरचं माप) साधारण पुरतो. तो विहिरीवर, मोटरजवळ लावायचा. पेटीजवळ लावला तर डीपीला फायदा होईल, तुमच्या साडेतीनशे मीटरला काही नाही. मोटरच्या कॉइलमधला करंट मात्र त्यानं कमी होत नाही. व्होल्टेज थोडं वर येतं म्हणून जेवढा उतरेल तेवढाच.

याच हिशेबावर राज्यात २०१८ पासून उच्चदाब वितरण प्रणाली आली, एकदोन शेतकऱ्यांना एक छोटी डीपी. लांब पल्ल्याची लाईन ४१५ ऐवजी ११ हजार व्होल्टची ठेवली की तीच ताकद न्यायला करंट सव्वीसपट कमी लागतो, आणि तारेतली उष्णता वर्गाच्या हिशेबानं सातशेपट कमी. मोठ्या नोटांचा फायदा. तुमच्या भागात ती झाली असेल आणि पेटी विहिरीजवळ सरकवता येत असेल तर तोच सगळ्यात चांगला उपाय, केबलच लहान होते.

काही गोष्टी मला इथून कळणार नाहीत. मोटर वर्षाच्या कोणत्या महिन्यात जळते? लोकांना वाटतं विहीर आटली की मोटरला ओढ बसते. बहुतेक मोनोब्लॉकचं उलट असतं. पावसाळ्यानंतर विहीर काठोकाठ भरते, पाणी उचलायची उंची कमी होते, पंप जास्त पाणी फेकतो आणि जास्त अँपिअर घेतो. तुमची ऑक्टोबर-नोव्हेंबरात जळत असेल तर डिलिव्हरीचा वाल्व्ह थोडा दाबून टाँग टेस्टर बघा, अँपिअर खाली येताना दिसतील. आणि मोटर तीनदा भरली आहे म्हणता, तर आमच्या धंद्याचीही एक गोष्ट सांगतो, कुणाचं नाव घेत नाही. खाचेत तार लवकर बसावी म्हणून एक नंबर बारीक घालणारे भेटतात, १९ च्या जागी २०. मोटर फिरते, पाणीही देते, गिऱ्हाईक खूश. पण बारीक तारेचा रेझिस्टन्स जास्त, तोच करंट आता जास्त तापवतो, आणि सहा महिन्यांत पुन्हा गिऱ्हाईक दारात. भरायला टाकताना जुनी तार किती नंबरची निघाली, वळसे किती होते आणि नवीन किती घातले हे पावतीवर लिहून घ्या. लिहून द्यायला जो कुरकुरतो त्याच्याकडे टाकू नका.

एक शेवटचं, मोटरचं नाही, तुमच्या जिवाचं. अर्थिंगची तार विहिरीवर कुठे गेली आहे ती बघा. कोरड्या मुरमात नुसता लोखंडी गज ठोकला असेल तर त्याचा रेझिस्टन्स वीस-तीस ओहम सहज निघतो. फेज बॉडीला लागला तर २३० भागिले २० म्हणजे साडेअकरा अँपिअर. तुमचा फ्यूज यानं उडत नाही, बॉडी जिवंत राहते आणि ओल्या पायानं दारं धरायला गेलेला माणूस तिला हात लावतो. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतत चला, आणि ३० मिलीअँपिअरवर पडणारा ब्रेकर बसवून घ्या.

तुमच्या मुलाला येत्या रविवारी वही घेऊन विहिरीवर न्या. पेटीतलं व्होल्टेज, मोटरवरचं व्होल्टेज, तिन्ही फेजचे अँपिअर, आधी मोटर बंद असताना, मग चालू करून दहा मिनिटांनी. दोन व्होल्टेजमधला फरक भागिले अँपिअर, भागिले १.७३, हे त्यालाच करू द्या. उत्तर २.६ च्या जवळ आलं तर केबल निर्दोष, फक्त बारीक. ३.५ आलं तर मधे कुठेतरी एक खराब जोड लपलाय आणि त्याला तो शोधायचा आहे. आकडे आणि नेमप्लेटवरचे अँपिअर इथे टाका, मग केबल बदलायची की नाही ते सांगतो. तोपर्यंत रिले बारावरून आठवर आणा, आजच.